दार लावून घडवलेली गाडी

चिनी भाषेत चार अक्षरांची एक म्हण आहे. दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये कँटनीज बोलणारी माणसे तिचा उच्चार साधारण ‘बाय मून जोउ चे’ असा करतात. ‘दार लावून गाडी घडवणे’ हा तिचा शब्दशः अर्थ. बाहेरचे वास्तव न पाहता, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांना न विचारता जो खोलीत बसून योजना आखतो, त्याच्यासाठी ही म्हण आज वापरली जाते. म्हणजे ती निंदेची म्हण आहे.

परंतु तिचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, मुळात ती स्तुतीची म्हण होती. स्तुतीची निंदा कशी झाली आणि विसाव्या शतकात चीनच्या शेतकऱ्याने या निंदेची सत्यता स्वतःच्या जिवाने कशी सिद्ध केली, हे या लेखात मला तपासायचे आहे. ही केवळ भाषेची हौस नव्हे. ज्या समाजाविषयी शतकानुशतके इतरांनीच ठरवले आणि ज्याच्या नावाने आजही इतरच योजना आखतात, त्या समाजातील कार्यकर्त्याला आणि विद्यार्थ्याला या प्रश्नाकडे दुरून पाहता येणार नाही.

१

मूळ म्हण दोन तुकड्यांची होती. दार लावून गाडी घडवा. दार उघडून बाहेर काढा, ती चाकोरीत बसेल. आपल्याकडे ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मातीच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे चाके फिरली की दोन खोल चर पडतात. हीच चाकोरी. गाडीच्या दोन चाकांतील अंतर चाकोरीशी जुळले तर बैलाला ओझे हलके जाते. जुळले नाही तर एक चाक चरात आणि एक वर, अशी गाडी कलंडत चालते आणि शेवटी आस मोडतो. उत्तर चीनची पिवळी माती मऊ असल्याने तेथील चाकोऱ्या फारच खोल असत.

इ. स. पूर्व २२१ मध्ये छिन सम्राटाने सगळी राज्ये जिंकून एकछत्री सत्ता स्थापन केली. तेव्हा लिपी, वजनेमापे यांच्याबरोबर त्याने गाड्यांची रुंदीही एकच ठरवून दिली. ती सहा चिनी फूट होती. त्या काळचे माप लक्षात घेता १४० सेंटिमीटरच्या जरा आत. एकदा माप ठरल्यावर कुठल्याही गावचा सुतार आपल्या घरात बसून गाडी करू शकत होता. दार लावलेले असो की उघडे, त्याच्या हाताला रस्त्याचे माप माहीत होते. म्हणून त्याची गाडी बाहेर काढताच चाकोरीत बसे.

आपल्या वाचकांना आस्था वाटावी अशी एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. ही म्हण जुन्या काळी जेथे लिहिलेली सापडते, त्यांपैकी एक ग्रंथ बौद्धांचा आहे. ध्यानमार्गी भिक्षूंच्या परंपरेचा हा संग्रह इ. स. ९५२ मध्ये दक्षिण चीनमध्ये तयार झाला, पुढे चीनमध्ये लुप्त झाला आणि कोरियातील हेइन्सा विहाराच्या लाकडी ठशांमध्ये टिकून राहिला. त्यात नवव्या शतकातील सुन्जी या कोरियन भिक्षूच्या तोंडी ही उपमा येते. त्याचा आशय असा की, आधी सत्य तळापर्यंत जाणून घेऊन मग परिस्थितीप्रमाणे जो आचरण करतो, त्याचे आजचे पाऊल पूर्वसूरींच्या पावलाशी आपोआप जुळते. दार लावून घडवलेली गाडी चाकोरीत बसावी तसे. सत्य जाणणे आधी आणि आचरण नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, म्हणजे ये आणि पाहा. पाहणे सोडून कुणी नुसता खोलीत बसला तर त्याचे पाऊल जुळेल, असे सुन्जी म्हणत नाही.

पुढे बाराव्या शतकात कन्फ्यूशियसच्या परंपरेतील मोठा भाष्यकार चू शी (इ. स. ११३०–१२००) याने ही म्हण जुनी म्हणून सांगितली आणि तिचा खुलासा केला. सर्वत्र पद्धत एकच असल्यामुळे असे होते, असे त्याचे म्हणणे. त्याने पुढे एक मार्मिक मुद्दा मांडला. ज्याची गाडी मापात नसेल त्याला सरकारी अधिकारी तर शिक्षा करतीलच, पण रस्त्यावर ती गाडी आपली आपणच कलंडेल आणि पुढे जाणार नाही. म्हणजे गाडीचे परीक्षक दोन आहेत. एक अधिकारी, दुसरा रस्ता.

या लेखातील माझे सारे प्रतिपादन या दोन परीक्षकांभोवती आहे.

२

जुन्या अर्थाचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. एकच माप, एकच चाकोरी हे ऐकायला छान वाटते. पण ते माप ठरवले कुणी? सम्राटाने. त्याचे राजरस्ते बांधले कुणी? वेठीला धरलेल्या लाखो माणसांनी. चाकोरीच्या सोयीमागे दंडुकाही होता. चाकोरी हा शब्द मराठीतही दुहेरी आहे. बैलाला ती सोयीची असते, पण दलित साहित्याने जेव्हा रूढ मराठी साहित्याला चाकोरीबद्ध म्हटले, तेव्हा दोष चाकोरीचाच होता. ज्यांना गावच्या रस्त्यावरून मोकळेपणे चालण्याचीही मुभा नव्हती, त्यांनी कुणाच्या चाकोरीत आपली गाडी बसवावी, हा प्रश्न रास्तच आहे.

त्याचप्रमाणे चिनी परंपरेतील दुसरी एक गोष्ट सरसकट स्वीकारताना मी थबकतो. च्वांगत्सूच्या ग्रंथात एका चाके घडवणाऱ्या कारागिराची कथा आहे. राजा वर सभागृहात पुस्तक वाचत असतो, कारागीर खाली चाक घडवत असतो. तो राजाला सांगतो की, महाराज वाचताहेत तो मेलेल्या माणसांनी मागे टाकलेला चोथा आहे. चाकाला घाव सावकाश घातला तर तो बसत नाही, घाईने घातला तर आत शिरत नाही. हे हाताला कळते, तोंडाने सांगता येत नाही, आणि म्हणूनच सत्तरी गाठली तरी आपल्याला हे काम सोडता आलेले नाही.

श्रमाच्या ज्ञानाचा एवढा स्पष्ट कैवार प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडतो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातांनीच काम केले आणि पदवी पहिल्यांदा आली, त्या माझ्यासारख्याला ही कथा जवळची वाटणारच. तरीही तिला माझा एक आक्षेप आहे. पुस्तक म्हणजे चोथा, हे पुस्तक हातात असलेल्या राजाला सांगणे वेगळे आणि ज्याला पुस्तकाला हात लावू दिला नाही त्याला सांगणे वेगळे. दुसऱ्याला ते सांगणे म्हणजे त्याच्यावरील बंदीला तत्त्वज्ञानाची झालर लावणे होय. हाताचे ज्ञान थोर म्हणायचे आणि त्या हातांना कायम खालीच बसवायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. आपल्याला पुस्तकही हवे आणि हाताच्या ज्ञानाला मानही हवा. राजाचे पुस्तक आणि कारागिराचा घाव एका खोलीत समान पातळीवर येत नाहीत, तोपर्यंत वर बसलेला जी गाडी आखेल ती दार लावूनच आखलेली असेल.

३

आता विसाव्या शतकाकडे वळू.

चीनच्या क्रांतीचा एक मोठेपणा असा की, तिच्या नेत्यांनी खेड्यांत राहून शेतकऱ्यांची स्थिती अभ्यासली होती. माओ त्से तुंग यांनी १९३० साली ग्वांगडोंगच्या सीमेलगतच्या श्युनवू या परगण्याची बारकाईने पाहणी केली. तेथील दुकाने, कुळे, खंड, कर्ज यांची नोंद केली. ज्याने तपास केलेला नाही त्याला बोलण्याचा अधिकार नाही, ही त्यांची भूमिका त्याच वर्षाची. दार लावून गाडी घडवणाऱ्यांवर याहून कडक टीका कोणती असू शकेल?

आणि तरीही अठ्ठावीस वर्षांनी याच नेतृत्वाने जगाच्या इतिहासातील सर्वांत भीषण अशी बंद खोलीतली योजना राबवली. १९५८ साली ‘मोठी झेप’ सुरू झाली. आधीच्या वर्षी पोलादाचे उत्पादन ५३.५ लाख टन होते. ते एका वर्षात दुप्पट, म्हणजे १ कोटी ७ लाख टन करायचे ठरले. परसापरसांत मातीच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. कढया, खुरपी, दारांच्या कड्या त्यांत वितळल्या. निघालेल्या मालापैकी बराचसा निरुपयोगी ठरला. कोट्यवधी माणसे भट्ट्यांवर असताना शेतात उभे पीक कापायला हात उरले नाहीत.

शेतीत दाट लावणी आणि खोल नांगरट यांचे आदेश निघाले. रोपे जितकी दाट तितके पीक जास्त, हा हिशेब कागदावर सरळ होता. दाट लावलेले भात वाऱ्यावाचून कुजते, हे सांगायला कुठल्याही शेतकऱ्याला कृषिशास्त्राची पदवी लागत नाही. पण वरून आकडे मागितले जात होते आणि खालून पाठवले जात होते. सप्टेंबर १९५८ मध्ये ग्वांगशी प्रांतातील ह्वानच्यांग येथे एका ‘मू’ जमिनीत, म्हणजे आपल्या सुमारे साडेसहा गुंठ्यांत, १,३०,४३४ चिन भात झाल्याचे जाहीर करण्यात आले. चिन म्हणजे अर्धा किलो. साडेसहा गुंठ्यांत साडेसहाशे क्विंटल! अनेक शेतांतील पिकत आलेली रोपे उपटून एकाच शेतात खोचून हा विक्रम करण्यात आला होता.

याला शास्त्राचा आधारही मिळाला. छ्यान श्वेसन हे अग्निबाणशास्त्रातील मोठे नाव. जून १९५८ मध्ये त्यांनी युवकांच्या वर्तमानपत्रात लिहिले की, शेतावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा हिशेब केला तर एका मू जमिनीतून सुमारे ४० हजार चिन धान्य निघणे शक्य आहे. आकडेमोड विद्वानाची होती. चिखलात उभे राहण्याचे कष्ट मात्र तिने घेतले नव्हते.

१९५८ चे धान्य ३७.५ कोटी टन झाल्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात ते सुमारे २० कोटी टन होते. १९५९ मध्ये ते १७ कोटींवर आणि १९६० मध्ये १४.३५ कोटींवर घसरले. पण सरकारची वसुली जाहीर केलेल्या आकड्यांच्या धोरणाने चालली होती. न पिकलेल्या धान्यातला वाटा पिकलेल्या धान्यातून उचलला गेला. १९५९ ते १९६१ या काळात भुकेने आणि तिच्यामागून आलेल्या आजारांनी किती माणसे मेली, याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. मेलेल्यांत बहुसंख्य धान्य पिकवणारेच होते.

४

प्रश्न असा की, बाहेर काय चालले आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते काय?

ठाऊक होते. कोट्यवधी माणसांना ठाऊक होते. पण त्यांचे म्हणणे आत पोचण्याचे मार्ग एकेक करून बंद झाले होते. १९५७ च्या ‘उजव्यांविरोधी’ मोहिमेत साडेपाच लाखांहून अधिक माणसांवर शिक्का बसला होता. त्यामुळे शिकलेला माणूस बोलेनासा झाला. जानेवारी १९५८ च्या नोंदणी कायद्याने शेतकऱ्याला गाव सोडून शहरात जाणे अवघड केले. त्यामुळे भुकेचा चेहरा शहराला दिसेनासा झाला. वर्तमानपत्रे सरकारची होती. विरोधी पक्ष नव्हता.

कँटनच्याच प्रांतातील एक प्रकरण फार बोलके आहे. मोठ्या पिकाची घोषणा झाली, पण धान्य गोळा होईना. तेव्हा ग्वांगडोंगच्या पक्षसचिवांपैकी एक असलेल्या झाओ झियांग यांनी जानेवारी १९५९ मध्ये दक्षिणेकडील लेइनान परगण्यात जाऊन अहवाल दिला. धान्य कमी नाही, ते गावच्या पुढाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी लपवले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. फेब्रुवारीत माओंनी तो अहवाल शेऱ्यासह देशभर फिरवला. मध्ये काही महिने सूर मवाळ झाला, पण त्या वर्षाच्या उत्तरार्धात लपवलेल्या धान्याच्या शोधाच्या नावाखाली झडत्या, सभांतील मारहाण हे सारे पुन्हा सुरू झाले. हे झाओ पुढे शेतीसुधारणांचे पुरस्कर्ते आणि १९८० साली पंतप्रधान झाले, म्हणून त्यांना निर्बुद्ध म्हणून सोडून देता येत नाही. झाओ गावात गेले होते. त्यांनी तपासही केला होता. परंतु ते उत्तर बरोबर घेऊन गेले होते. दार आतून लावलेले असले की बाहेरची हाक चोराची वाटते.

जो बोलला त्याचे काय झाले? पेंग दहुआय हे संरक्षणमंत्री. गरीब शेतकरी घरात जन्मलेले, लहानपणी भीक मागितलेले, कोळशाच्या खाणीत काम केलेले. १९५८ च्या अखेरीस ते आपल्या हुनान प्रांतात फिरले आणि परिस्थिती पाहून अस्वस्थ झाले. १४ जुलै १९५९ रोजी, लूशान येथील बैठकीच्या वेळी, त्यांनी माओंना खासगी पत्र लिहिले. भाषा सौम्य होती, यशाची कबुली आधी होती. तरी त्यांच्यावर पक्षद्रोहाचा आरोप झाला. मंत्रिपद गेले, सांस्कृतिक क्रांतीत छळ झाला, १९७४ साली बंदिवासातच त्यांचा अंत झाला. १९७८ च्या डिसेंबरात पक्षाने त्यांना निर्दोष ठरवले. लूशाननंतर मोठ्या झेपेचा जोर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण आता ‘नाही’ म्हणणारा उरला नव्हता. मृत्यूंचे सर्वांत मोठे प्रमाण त्यानंतरच्या वर्षातले आहे.

चू शीच्या दोन परीक्षकांकडे परत येऊ. १९५८ मध्ये अधिकारी हा परीक्षक जागेवर होता, पूर्वीपेक्षा कितीतरी बळकट होता. दुसऱ्या परीक्षकाला, म्हणजे रस्त्याला, साक्ष देण्याची बंदी होती. गाडी कलंडत होती, आस मोडत होता, आणि तरीही गाडी नीट चालली आहे असा दाखला अधिकारी देत होता. रस्ता मात्र गप्प बसत नाही. मे १९६२ मध्ये ग्वांगडोंगमधून हजारो माणसे डोंगर तुडवत हाँगकाँगच्या हद्दीकडे निघाली. जे कुठल्याही अहवालात येत नव्हते ते तेव्हा जगाला दिसले.

५

ही कथा वाचून, आपल्याकडे असे घडत नाही, असे समाधान कुणी मानू पाहील. त्याला आधारही आहे. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की, वर्तमानपत्रे आणि विरोधी पक्ष असल्यामुळे स्वतंत्र भारतात चीनसारखा दुष्काळबळींचा कहर झाला नाही. त्यांनी आणि ज्याँ द्रेझ यांनी या संदर्भात महाराष्ट्राचा १९७० ते १९७३ चा दुष्काळ तपासला. पीक बुडाले होते, पण मोर्चे निघाले, घेराव पडले, विधानसभेत जाब विचारला गेला, आणि मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या या माणसांच्या दबावातूनच रोजगार हमीला पुढे कायद्याचे रूप आले.

परंतु याच अभ्यासकांनी हिशेबाची दुसरी बाजूही मांडली आहे, आणि ती सोयीने विसरली जाते. चीनने नंतरच्या काळात आरोग्य आणि पोषण यांत जी मजल मारली ती भारताने मारली नाही. भारतातील रोजच्या उपासमारीने आणि आजाराने होणारे जादा मृत्यू मोजले, तर दर आठेक वर्षांत ते चीनच्या त्या दुष्काळातील मृत्यूंइतके भरत होते, असे त्यांचे गणित होते. दुष्काळाचा आक्रोश आपल्या दारातून आत जातो. रोजच्या भुकेचा जात नाही, कारण ती बातमी नसते. आणि रोजची भूक कुठल्या वस्तीत अधिक असते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी त्यांचेच प्रतिनिधी मागितले, त्याचे मर्म हेच आहे. आपले म्हणणे दुसरा कुणी सहानुभूतीने आत नेईल, या भरवशावर राहता येत नाही. ज्याने चाकोरीतले खड्डे अंगावर सोसले तोच खोलीत हवा.

६

म्हणीचा जुना अर्थ चीनमध्ये आणखी एकदा खरा ठरला, आणि तोही बंद दाराआड. १९७८ च्या अखेरीस आन्हुई प्रांतातील श्याओगांग या दरिद्री खेड्यात १८ कुटुंबांची माणसे रात्री एका घरात जमली. सामुदायिक जमीन आपसांत वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरायचा, उरलेले आपले, असे त्यांनी ठरवले. हे बेकायदा होते. पकडले गेल्यास तुरुंगात जाणाऱ्यांची मुले इतरांनी अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची, असाही करार झाला. कागदावर अंगठे उमटले. दुसऱ्या वर्षी पीक कितीतरी वाढले. १९८२ च्या आरंभी कुटुंबवार शेतीला देशाच्या धोरणात मान्यता मिळाली.

श्याओगांगची खोलीही बंद होती. योजना आखणारे बहुतेक निरक्षर होते. तरी त्यांची गाडी बाहेर काढताच चालू लागली, कारण रस्त्याचे माप त्यांच्या हाडात होते. त्यांच्या खेड्याने भुकेने माणसे गमावली होती. या प्रयोगातून पुढे जी आर्थिक वाट चीनने धरली तिच्यात नवी विषमता आली, हे खरे आहे, आणि त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हायला हवी. येथे मला एवढेच दाखवायचे आहे की, दोष दार लावण्यात नसतो. चळवळीलाही कधी दार लावून बोलावे लागते. खोलीत कोण बसले आहे, त्यांच्या हाताला कुणाचे माप आहे आणि रस्त्याची तक्रार आत येऊ शकते की नाही, यावर गाडीचे भवितव्य ठरते.

म्हणून सरकारची योजना असो, विद्यापीठातील संशोधन असो किंवा आपल्याच संघटनेचा ठराव असो, तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. हे माप कुणी घेतले? ज्याच्यासाठी गाडी आहे तो मोजताना हजर होता काय? आणि गाडी कलंडते आहे असे जो पहिल्यांदा सांगेल, त्याचे आपण काय करणार आहोत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर देता येतात. तिसऱ्याचे उत्तर आपल्या पुढच्या बैठकीत एखादा कार्यकर्ता उठून अध्यक्षांना ‘नाही’ म्हणेल, तेव्हाच मिळेल.